कणादांचा परमाणू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात धरमपेठेतल्या एका घराच्या वरच्या खोलीत दर रविवारी सकाळी आम्ही आठ-दहा जण वैशेषिक दर्शन, म्हणजे कणाद ऋषींच्या नावावरचं जुनं भारतीय तत्त्वज्ञान, वाचतो. मी तीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं, संस्कृत निवृत्तीनंतर नव्यानं धरलं. वर्गाला नवीन माणूस आला की पहिल्या दोन-तीन रविवारी हेच प्रश्न ठरलेले. विचारणाऱ्यांत अकरावीतली पोरं असतात, बँकेतून निवृत्त झालेले काका असतात, पाली घेऊन एम.ए. करणारी एक मुलगी आहे. उत्तरं एकदा नीट लिहून ठेवली, म्हणजे रविवारी पुढची पानं वाचायला वेळ मिळेल.

कणादांनी अणूचा शोध लावला, हे खरं का?

शोध म्हणण्यापेक्षा त्यांनी अणू तर्कानं सिद्ध केला, असं म्हणावं. प्रयोगशाळा नाही, तराजू नाही. डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींपासून निघायचं आणि 'याच्याही आत काय असलं पाहिजे?' असं विचारत मागे मागे जायचं, ही त्यांची रीत. जॉन डाल्टननं १८०८ साली अणुसिद्धान्त मांडला तो मूलद्रव्यांच्या वजनांच्या हिशेबावरून. १९०५ साली आइन्स्टाइननं पाण्यातल्या सूक्ष्म कणांच्या थरथरीचं गणित मांडलं आणि पेरँनं ते प्रयोगानं पडताळलं, तेव्हा कुठे अणूंबद्दलची शंका फिटली. या दोन वाटा वेगळ्या आहेत. कणादांच्या वाटेला डाल्टनची पाटी लावली की कणादांनी खरोखर काय म्हटलं, ते कुणी वाचतच नाही. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण त्यांचं म्हणणं वाचण्यासारखं आहे.

अणू म्हणायचं की परमाणू? घरी एक आणि पुस्तकात दुसरंच असतं.

हा घोळ आपल्या नागपुरात जास्त होतो, कारण इथे एकाच वाड्यात एक पोरगं मराठी माध्यमात असतं आणि दुसरं हिंदी. मराठी पाठ्यपुस्तकात पाण्याचा 'रेणू' असतो आणि तो हायड्रोजन-ऑक्सिजनच्या 'अणूं'चा बनतो. हिंदी पुस्तकात पाण्याचा 'अणु' असतो आणि तो 'परमाणुओं'चा बनतो. म्हणजे 'अणू' हा एकच शब्द दोन भाषांत दोन पायऱ्यांवर बसलाय. शिकवणीत एकत्र बसलेली दोन मुलं यावरून भांडताना मी पाहिली आहेत, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर होती.

वैशेषिकांच्या ग्रंथांत 'अणु' हे मुळात मापाचं नाव आहे: अगदी लहान. त्याच्या उलट 'महत्', म्हणजे मोठं. ज्याहून लहान काही असूच शकत नाही, तो परम-अणु. खाली मी सगळीकडे 'परमाणू' हाच शब्द वापरते, आणि तो आजच्या रसायनशास्त्रातला अणू समजायचा नाही.

कणाद कोण, कुठले, कधीचे?

त्यांच्या आयुष्याबद्दल त्यांच्याच वैशेषिकसूत्रांत एक ओळही नाही. कण वेचून खाणारा तो कणाद, अशी नावाची फोड परंपरा करते. उलूक आणि काश्यप अशीही नावं आहेत. वैशेषिकसूत्रांचे दहा अध्याय आहेत, प्रत्येकाची दोन आह्निकं, म्हणजे उपभाग. बहुतेक अभ्यासक ती इसवी सनाच्या आसपासच्या शतकांत ठेवतात, काही जण आणखी मागे नेतात. पहिलं सूत्र 'आता धर्माचं व्याख्यान करू' असं म्हणतं, हे ऐकून विज्ञानवाले दचकतात. पण जगात काय काय आहे हे नीट ओळखल्यावर कल्याण होतं, अशी त्यांची धारणा होती. म्हणूनच पदार्थांची यादी: द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय (म्हणजे गुण आणि वस्तू, अवयव आणि पूर्ण वस्तू यांना जोडणारं कायमचं नातं); पुढे त्यात अभाव जोडला गेला.

परमाणू दिसत नाही, मग तो आहे हे कशावरून ठरवलं?

हा माझा सर्वांत आवडता भाग आहे.

माझं माहेर नागपूरच्या महाल भागातलं, जुनं कवेलूचं घर. दुपारी माजघरात एखाद्या सरकलेल्या कवेलूतून कवडसा पडायचा आणि त्यात धुळीचे कण तरंगत वर-खाली व्हायचे. हात घातला की पांगायचे, काढला की परत यायचे. वैशेषिकांनी नेमका तोच कण उचललाय. झरोक्यातून आलेल्या उन्हात दिसणारा सर्वांत बारीक कण म्हणजे त्रसरेणू. डोळ्यांची धाव तिथे संपते, आणि अनुमान तिथून सुरू होतं.

अन्नंभट्टांनी आपल्या तर्कसंग्रह या छोट्या पुस्तकावर स्वतःच लिहिलेल्या 'दीपिका' या टीकेत हे अनुमान दोन ओळींत दिलंय. पहिली पायरी: हा कण डोळ्यांना दिसणारं द्रव्य आहे; जे जे असं दिसतं त्याला अवयव असतात, कापडाला असतात तसे; म्हणून या कणालाही अवयव आहेत. दुसरी पायरी: ते अवयव मिळून 'महत्' वस्तू घडवतात, अशा घडवणाऱ्या अवयवांनाही अवयव असतात, जसे कापड घडवणाऱ्या धाग्याला, म्हणून या अवयवांचेही अवयव आहेत. तो शेवटचा अवयव म्हणजे परमाणू.

लगेच कुणीतरी विचारतंच: तिथेच का थांबायचं, आणखी तुकडे का नाहीत? त्याला उत्तर मेरू आणि मोहरीचं. तुकडे करणं कधी संपतच नसेल, तर मेरू पर्वतालाही अनंत तुकडे आणि मोहरीच्या दाण्यालाही अनंतच. मग एक मोठा आणि एक लहान का? दोघांचं माप सारखं व्हायला हवं. ते तर तसं नाही. म्हणजे कुठेतरी थांबा आहे. आजच्या गणिताला हा युक्तिवाद पुरत नाही, कारण अनंत बिंदू असूनही लांब आणि आखूड रेषा कशा असतात हे आपल्याला आता मांडता येतं. तरीही अनंताची अडचण इतक्या नेमकेपणानं कुणी बोट ठेवून दाखवावी, याचं मला दर वेळी कौतुक वाटतं.

दोन परमाणू जोडले तरी दिसत नाहीत, मंग सहा जोडले की कसे काय दिसतात?

अकरावीतल्या एका पोराचा प्रश्न, त्याच्याच शब्दांत. त्यानं नकळत वैशेषिकांच्या सगळ्यांत अवघड जागी हात घातला.

मांडणी अशी: दोन परमाणू मिळून एक द्व्यणुक. तीन द्व्यणुकं मिळून एक त्र्यणुक, तोच कवडशातला कण. म्हणजे एका त्र्यणुकात सहा परमाणू. परमाणू अणु, द्व्यणुकही अणुच, त्र्यणुक मात्र एकदम महत्.

अडचण ही, की त्यांच्याच नियमानुसार माप आपल्याच जातीचं, पण वरचढ माप जन्माला घालतं. मोठ्या धाग्यांपासून त्याहून मोठं कापड होतं. मग लहानापासून त्याहून लहानच व्हायला हवं! अणु मापानं त्र्यणुकाचं माप घडवलं असतं, तर तो परमाणूपेक्षाही बारीक झाला असता. यावर प्रशस्तपाद या वैशेषिकांच्या जुन्या भाष्यकारांच्या परंपरेनं काढलेली वाट पाहा: त्र्यणुकाचं मोठेपण अवयवांच्या मापातून येत नाही, त्यांच्या संख्येतून येतं. 'तीन' हे बहुत्व मोठेपण निर्माण करतं. दोन ही संख्या त्याला पुरत नाही, म्हणून द्व्यणुक लहानच राहतं.

पटो न पटो, पण आपल्याच नियमानं कोंडी झाल्यावर ती झाकून न ठेवता त्यांनी कारण बदललं आणि तसं लिहून ठेवलं. मी त्या पोराला म्हटलं, तुझा प्रश्न दीड हजार वर्षं जुना आहे.

मग धुळीच्या कणाचा सहावा भाग म्हणजे खरोखर अणू का?

मापाच्या दृष्टीनं अजिबात नाही. उन्हात दिसणारा कण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतका धरला, तर त्यात आजच्या अर्थानं साधारण शंभर लाख कोटी अणू मावतात. सहा हा आकडा मोजून आलेला नाही, तर्काला कमीत कमी जितके लागतात तितकेच घेतलेत. तसंच कवडशातल्या धुळीचं नाचणं हवेच्या झुळुकांमुळे असतं. आइन्स्टाइननं हिशेब केला ती थरथर वेगळी, ती सूक्ष्मदर्शकाखाली दिसते.

परमाणू सगळे एकसारखे असतात का?

नाही. चार जाती आहेत: पृथ्वी, जल, तेज आणि वायू. आकाश परमाणूंचं नाही, ते एकच आणि सर्वत्र भरलेलं. पृथ्वीच्या परमाणूला रूप, रस, गंध, स्पर्श हे चारही असतात. जलाला गंध नाही, तेजाला रसही नाही, वायूला फक्त स्पर्श. गंध ही पृथ्वीची खूण.

संत्रा सोलला की खोलीभर वास सुटतो. वैशेषिकांना विचारा, ते सांगतील की संत्र्याचे पार्थिव कण वाऱ्यानं नाकापर्यंत आणले. रसायनशास्त्र म्हणतं, सालीतल्या तेलातले लिमोनीनचे रेणू हवेतून नाकापर्यंत आले. वास म्हणजे वस्तूचाच बारीक अंश आपल्यापर्यंत येणं, इतक्यापुरतं दोघांचं जुळतं. त्यापुढे जुळत नाही: आजच्या अणूला स्वतःचा वास नसतो, रंगही नसतो. वैशेषिकांचा परमाणू मात्र हे गुण स्वतःच घेऊन असतो.

माठ भाजल्यावर लाल होतो, यात परमाणूंचा काय संबंध?

या एका माठावर वैशेषिक आणि नैयायिक, म्हणजे न्याय दर्शनाचे लोक, पिढ्यान्‌पिढ्या वाद घालत होते. उन्हाळ्यात नागपूरच्या रस्त्यांच्या कडेला लाल माठांच्या रांगा लागतात, तेव्हा मला दर वर्षी हाच वाद आठवतो.

कच्चा घडा काळसर असतो. आव्यातून निघतो तेव्हा लाल. रंग नेमका कुणाचा बदलला?

वैशेषिक म्हणतात, परमाणूंचा. आगीच्या माऱ्यानं घड्याचे जोड सुटत सुटत थेट सुट्या परमाणूंपर्यंत घडा मोडतो. एका अग्निसंयोगानं काळा रंग जातो, दुसऱ्यानं लाल येतो, मग परमाणू परत जुळतात: द्व्यणुक, त्र्यणुक, असं करत नवा लाल घडा. जुनं द्व्यणुक मोडल्यापासून नव्यात रंग येईपर्यंत किती क्षण लागतात, याचे नऊ, दहा, अकरा असे हिशेबही त्यांनी केलेत. परमाणूला ते पीलू म्हणतात, म्हणून हा पीलुपाकवाद.

नैयायिकांना हे मान्य नाही. आव्यात डोकावलं तर घडा सबंध दिसतो. वर रचलेले घडे खाली कोसळत नाहीत. भाजण्याआधी काढलेली रेघ भाजल्यावरही तिथेच असते. आणि नवा घडा झाला म्हणता, तर तो घडवायला आत कुंभार कुठे होता? त्यांचं म्हणणं, घडा सच्छिद्र असतो, त्या छिद्रांतून तेज आत शिरतं आणि न मोडताच सगळा घडा रंग बदलतो. पिठर म्हणजे भांडं, म्हणून हा पिठरपाकवाद. आपला माठ बाहेरून ओला होतो तेव्हा ती छिद्रं खरीच असल्याचं हाताला कळतं.

मग वैशेषिक एवढे अडून का बसले? कारण पूर्ण वस्तूचा गुण अवयवांच्या गुणांतून येतो, हा त्यांचा पायाच. घड्याचा रंग बदलायचा तर तळापासून बदलायला हवा. माझा कौल इथे नैयायिकांच्या बाजूनं पडतो. मातीतलं लोह भाजताना ऑक्सिजनशी जुळून लाल होतं आणि घडा उभा तो उभाच असतो. पण बदल सर्वांत आतल्या पातळीवर व्हायला हवा, ही वैशेषिकांची जिद्द मला सोडवत नाही.

जाता जाता: आगीनं गुण बदलणं हे फक्त पृथ्वीच्या परमाणूंना लागू. म्हणूनच सोनं त्यांच्या मते पृथ्वी नाही, तेज आहे! तूप तापवत राहिलं की त्याचं पातळपण जळून जातं, सोनं कितीही तापवलं तरी वितळलेलंच राहतं. इतवारीच्या सराफ्यात मूस पाहिलेल्या कुणालाही हे निरीक्षण पटेल, निष्कर्ष भले न पटो.

'वैशेषिक' हे नाव कशावरून?

'विशेष' या पदार्थावरून. दोन घडे वेगळे ओळखता येतात, कारण त्यांचे अवयव वेगळे. पण एकाच जातीच्या दोन परमाणूंना अवयव नाहीत, गुण सारखे. मग ते दोन आहेत हे कशानं? तर प्रत्येकात स्वतःचा असा एक 'विशेष' असतो, जो त्याला बाकी सर्वांपासून वेगळा ठेवतो. आजचं भौतिकशास्त्र इथे बरोबर उलट बोलतं. दोन इलेक्ट्रॉनांत 'हा' आणि 'तो' असा भेद करताच येत नाही आणि अणूंची सगळी रचना त्यावर उभी आहे. प्रश्न मात्र तोच आहे, आणि तो त्यांना सुचला होता.

परमाणूंना पहिला धक्का कुणी दिला?

सूत्रांत उत्तर आहे 'अदृष्ट', म्हणजे न दिसणारं कारण. अग्नीच्या ज्वाळा वर जाणं, वारा आडवा वाहणं, परमाणूंची आणि मनाची पहिली हालचाल, हे सगळं अदृष्टामुळे. लोहचुंबकाकडे सुई सरकते तिथेही अदृष्टच. पुढे प्रशस्तपादांनी सृष्टीच्या आरंभी महेश्वराची इच्छा आणली. सूत्रांत ईश्वराचा स्पष्ट उल्लेख नाही.

न्यूटनचे तीन नियम कणादांनी आधीच सांगितले, असा मेसेज आला. खरा आहे का?

हा दर महिन्याला एकदा तरी येतोच. त्यात दिलेले संस्कृत शब्द बनावट नाहीत, पण ते कणादांचे नाहीत. ते प्रशस्तपादांच्या पदार्थधर्मसंग्रहातलं 'वेग' या गुणाचं एक सलग वाक्य आहे. त्याचे तीन तुकडे करून तीन नियम म्हणून फिरवले जातात. वाक्याचा अर्थ असा: वेग विशिष्ट निमित्तानं होणाऱ्या कर्मातून जन्मतो, ठरलेल्या दिशेनं क्रियांची मालिका चालू ठेवतो, आणि स्पर्श असलेल्या द्रव्याशी विशिष्ट संयोग झाला की नष्ट होतो. शेवटच्या 'विरोधी' या शब्दाचं 'समान आणि विरुद्ध प्रतिक्रिया' असं भाषांतर करतात. मूळ अर्थ फक्त 'हा संयोग वेगाला मारक आहे' इतकाच. भिंतीला लागून चेंडूचा वेग संपतो, तसं. वस्तुमान नाही, प्रमाण नाही, गणित नाही. सोडलेला बाण हात सुटल्यावरही का जात राहतो, यावरचा तो गंभीर विचार आहे आणि तो तसाच वाचावा.

बौद्धांनी परमाणू मानला का?

आमच्या वर्गात हा प्रश्न अगत्यानं विचारला जातो, आणि का विचारला जाऊ नये? सुत्तांतल्या बुद्धवचनांत परमाणूचा सिद्धान्त नाही. तो पुढे अभिधर्माच्या, म्हणजे बौद्धांच्या तत्त्वचर्चेच्या ग्रंथांच्या, परंपरेत आला. सर्वास्तिवादी या बौद्ध पंथाच्या मते परमाणू एकटा कधी सापडतच नाही. कमीत कमी आठ गोष्टी एकत्र असतात: चार महाभूतं आणि रूप, गंध, रस, स्प्रष्टव्य (ज्याला स्पर्श होतो ते). आणि तो नित्यही नाही, क्षणिक आहे. वैशेषिकांशी खरं भांडण इथेच.

बौद्ध आचार्य वसुबंधूंच्या अभिधर्मकोशातली मापं तर मराठी माणसाला घरातलीच वाटतील. सात परमाणूंचा एक अणू, सात अणूंचा एक लोहरज, मग दर पायरीला सातपट: पाण्यातला रज, सशाच्या केसावरचा, मेंढीच्या लोकरीवरचा, गोरज, आणि मग झरोक्यातला रज. पुढे लिक्षा आणि यूका, म्हणजे आपली लीख आणि ऊ. त्यानंतर जव, आणि शेवटी बोटाचं पेर. वैशेषिकांच्या कवडशातल्या कणात सहा परमाणू, तर इथे त्याच कणात ८,२३,५४३.

पेरापर्यंत गेलं की आकडा १९७ कोटींच्या पुढे जातो. एका काकांनी दोन सेंटीमीटरचं पेर धरून भागाकार केला, तर उत्तर हायड्रोजनच्या अणूच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकं आलं. ते आनंदानं उभेच राहिले. मी त्यांना एवढंच विचारलं, साताऐवजी आठानं गुणलं असतं तर? सातची पट ही मोजमापातून आलेली नाही, योगायोगानं जवळ गेलेली आहे.

परंपरेनुसार याच वसुबंधूंनी विंशतिका या आपल्या दुसऱ्या ग्रंथात परमाणूवर सर्वांत धारदार वार केला. एका परमाणूला सहा दिशांनी सहा परमाणू चिकटले, तर त्याला सहा बाजू झाल्या, म्हणजे सहा अंश झाले. मग तो निरवयव कसला? आणि सहाही एकाच जागी मावतात म्हणाल, तर सगळा गोळा एका परमाणूएवढाच राहील. मी वर्गात सात बोरं घेऊन हे करून दाखवते. मधल्या बोराला सहा बोरं टेकवली की वाद ऐकवावा लागत नाही.

आणि जैनांनी?

जैन मांडणी मला रसायनशास्त्राच्या प्रश्नांना सगळ्यांत जवळची वाटते. त्यांचे पुद्गल-परमाणू (पुद्गल म्हणजे जड द्रव्य) मुळात एकाच जातीचे; पृथ्वी-जल असे कायमचे भेद नाहीत. प्रत्येकात एक रंग, एक रस, एक गंध आणि दोन स्पर्श. तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायात 'परमाणू जुळतात कशानं?' याचं थेट उत्तर आहे: स्निग्धपणा आणि रुक्षपणा यांमुळे. शिवाय अटी आहेत. सर्वांत कमी अंशाचे जुळत नाहीत, सारख्या अंशाचे सजातीय जुळत नाहीत, दोन अंशांचा फरक लागतो. या अटीचा अर्थ लावताना श्वेतांबर आणि दिगंबर परंपरांत फरक पडतो.

शंकराचार्यांनी परमाणुवाद खोडला ना?

हो, ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादावरच्या भाष्यात. पहिल्या हालचालीचं कारण, निरवयव परमाणूंचा संयोग आणि समवायाची न संपणारी साखळी, या तीन जागा त्यांनी धरल्या.

ग्रीकांनी आपल्याकडून घेतलं की आपण त्यांच्याकडून?

दोन्ही बाजूंना पुरावा नाही, आणि मांडणी पाहिली तर नात्याची शंकाही फारशी येत नाही. डेमोक्रिटसचे अणू आकारानं वेगवेगळे, रंग-चव नसलेले आणि पोकळीत धावणारे. कणादांचे परमाणू सगळे वाटोळे, 'परिमंडल', आणि गुणांनी भरलेले.

वाचायला सुरुवात कुठून करू?

थेट सूत्रांना हात घालू नका, ती फार आवळलेली आहेत. तर्कसंग्रह घ्या. सतराव्या शतकातलं छोटं पुस्तक आहे, मराठी अर्थासह मिळतं. त्यात 'गंधवती ती पृथ्वी' इथून वाचायला लागा. पृथ्वी नित्य आणि अनित्य अशी दोन प्रकारची, नित्य ती परमाणुरूप, हे पुढच्याच ओळीत येतं. शाळकरी मुलं सोबत असतील तर त्याच आठवड्यात त्यांना रमण विज्ञान केंद्रातही फिरवून आणा. ज्यांना पुढे रीतसर शिकायचंय, त्यांच्यासाठी रामटेकला कवी कुलगुरू कालिदास संस्कृत विश्वविद्यालय आहे.

आमच्या वर्गाला यायचं असेल तर पाठांतर लागत नाही, संस्कृत आलंच पाहिजे असंही नाही. फक्त आदल्या दिवशी घरात कवडसा कुठे पडतो ते शोधून ठेवा आणि त्यातला सर्वांत बारीक कण डोळ्यांनी किती वेळ धरून ठेवता येतो ते बघून या. पहिला अर्धा तास आम्ही त्यावरच बोलतो.